कैदविषयक इंग्रजी शब्द आणि त्यांचे पोर्तुगीज पर्याय

भीमेच्या काठचे खेड हे गाव आज राजगुरुनगर ह्या नावाने ओळखले जाते, ते तेथे १९०८ साली जन्मलेल्या शिवराम हरी राजगुरूंमुळे. राजगुरूंचे एखादे इंग्रजी चरित्र पोर्तुगीज भाषेत न्यावयाचे झाल्यास भाषांतरकाराची खरी अडचण अटकेच्या वाक्यापाशीच सुरू होते. १९२९ च्या सप्टेंबरअखेर ते पुण्यात पकडले गेले. लाहोर कटाच्या खटल्यात ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि २३ मार्च १९३१ रोजी ती अमलात आली. म्हणजे सुमारे दीड वर्ष ते बंधनात होते, परंतु ह्या खटल्यात त्यांना कैदेची शिक्षा अशी कधीच झाली नाही. इंग्रजीत हा भेद अरेस्ट, कस्टडी आणि इंप्रिझनमेंट ह्या तीन शब्दांनी आपोआप राखला जातो. मराठीतही अटक, कोठडी व कैद हे शब्द वेगळे आहेत. पोर्तुगीजमध्ये मात्र 'प्रिझांव' हा एकच शब्द पकडण्याची क्रिया, बंधनाची स्थिती, शिक्षा आणि तुरुंगाची इमारत ह्या सर्वांना चालतो. 'प्रेझो' म्हणजे पकडलेला इसम, आणि कैदीही तोच.

ही शब्दाची ओढाताण निरुपद्रवी नव्हे. जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, लाहोरच्या तुरुंगात मरण पावले, तेव्हा त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नव्हता; तुरुंगाच्या भाषेत ते 'कच्चे कैदी' होते. भाषांतरात त्यांना केवळ 'प्रेझो' म्हटले, तर लिस्बनचा वाचक त्यांना शिक्षा झालेला गुन्हेगार समजण्याचा संभव आहे. 'रेक्लूझो' म्हटल्यास तो संभव अधिकच वाढतो. येथे 'प्रेझो प्रेव्हेंतीव्हो' हीच संज्ञा योग्य, कारण निकालापूर्वीच्या बंधनाला पोर्तुगीज कायद्यात 'प्रिझांव प्रेव्हेंतीव्हा' असे म्हणतात.

पण नेमक्या ह्याच संज्ञेत दुसरा सापळा आहे. आपल्याकडील प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन, म्हणजे स्थानबद्धता, ही खटल्याच्या पूर्वीची पायरी नव्हे. तीत खटला नसतोच. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आणि १९५० च्या अधिनियमात हीच कल्पना होती. तिचे शब्दशः रूपांतर 'प्रिझांव प्रेव्हेंतीव्हा' असे केल्यास वाचक न्यायालयाची वाट पाहणाऱ्या आरोपीचे चित्र मनाशी उभे करील. 'देतेन्सांव आद्मिनिस्त्रातीव्हा', अर्थात प्रशासनाच्या आज्ञेने झालेली अडकवणूक, असे म्हटले तरच आशय उरतो. सालाझारच्या पोर्तुगालला वस्तू अपरिचित नव्हती: १९५६ च्या एका हुकूमनाम्याने राजकीय अपराध्यांना सहा महिने ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची व ती मुदत पुनःपुन्हा वाढविण्याची सोय केली होती. तिचे नाव मात्र 'सुरक्षेचे उपाय' असे सौम्य होते.

देतेन्सांव ह्या शब्दाविषयीही सावध राहणे अगत्याचे आहे. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ न्यायाधीशापुढे उभे करण्यापूर्वीची, अठ्ठेचाळीस तासांपर्यंतची अटक. ब्राझीलच्या १९४० च्या दंडसंहितेत मात्र तो दोषसिद्धीनंतरच्या शिक्षेचा एक सौम्य प्रकार आहे. भाषा एक, शब्द एक, आणि एका किनाऱ्यावरचा संशयित दुसऱ्या किनाऱ्यावर दोषी ठरतो.

लाहोरच्या त्याच निकालात सात जणांना ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ, म्हणजे आजन्म काळे पाणी, ठोठावण्यात आले. पोर्तुगीज 'देग्रेदो' हा त्याचा जवळचा शब्द. गुन्हेगारांना वसाहतीत धाडण्याची ती जुनी शिक्षा. परंतु देग्रेदोवर गेलेला माणूस पुष्कळदा वसाहतीतील वस्तीतच राहत असे. अंदमानच्या तुरुंगात १९३३ साली उपोषणात प्राण सोडणाऱ्या महावीरसिंगांच्या वाट्याला ते आले नाही. शिवाय पोर्तुगालने आजन्म कैद १८८४ सालीच रद्द केलेली असल्याने 'आजन्म' हे विशेषण तेथील वाचकाला परके वाटते; ते गाळण्याचा मोह टाळलाच पाहिजे. सक्तमजुरीसाठी 'त्राबाल्योस फोर्सादोस' हा रूढ शब्द हाताशी असतो, पण त्याला दगडखाणी आणि साखळदंड ह्यांचा वास आहे. आपल्या दंडविधानातील रिगरस ही संज्ञा शिक्षेबरोबर काम सक्तीचे असते एवढेच सांगते. तेव्हा 'सक्तीच्या कामासह कैद' असे लांबट रूप पत्करावे लागते.

गंमत अशी की, मराठी भाषांतरकार ज्या शब्दाच्या आधारे हे सारे समजून घेतो, तो 'तुरुंग' शब्दच पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला असे मानले जाते. त्रोंको म्हणजे झाडाचे खोड, आणि कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूडही. मराठीतील खोड आणि खोडा ह्या जोडीशी त्याचे साम्य उघड आहे. मलय भाषेत तो 'तेरुंकू' झाला, दक्षिण आफ्रिकेत 'त्रोंक' झाला, आणि दोन्हीकडे अर्थ तुरुंग असाच राहिला. खुद्द पोर्तुगीजमध्ये मात्र तो अर्थ मागे पडला असून, बोलीभाषेत तुरुंगाला साखळीवाचक 'कादैया' म्हणतात. मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीत लिस्बनजवळच्या काशियास येथून सुटले, तेव्हा मराठी वृत्ताला 'तुरुंगातून सुटका' हाच शब्दप्रयोग स्वाभाविक होता. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी त्रोंको चालले नसते.