असं का होतं? : घरचा सर्व्हर परगावाहून कसा उघडायचा?

इंदूरच्या मल्हारगंजात एखाद्या घरी तीन पिढ्यांचे फोटो छोट्या सर्व्हरवर ठेवलेले असतात. घरात ते मोबाईलवर झटकन दिसतात. पुण्यात शिकणारी लेक तोच पत्ता टाकते, तर काहीच उघडत नाही. असं का?

‘१९२.१६८’ने सुरू होणारा तो पत्ता फक्त घरापुरता असतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत इंटरनेटचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते साऱ्या जगाला पुरत नाहीत. म्हणून सगळं घर राउटरच्या एकाच पत्त्यामागे राहतं. राउटर म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाज्यावरचा राखणदार. आतून कुणी पत्र पाठवलं, तर उत्तर कुणाला द्यायचं हे त्याला ठाऊक असतं. न मागता आलेलं टपाल तो आत सोडत नाही.

राउटरचा एखादा पोर्ट (आत येण्याची क्रमांक दिलेली वाट) कायमचा उघडता येतो, पण मग तो साऱ्या जगाला सापडतो. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने असेच इंटरनेटवर उघडे पडलेले सर्व्हर गाठून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या.

सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खासगी वाटेचा. मध्यस्थ सेवा वापरली, तर सर्व्हर आणि मोबाईल दोघेही आतून बाहेर संपर्क साधतात, मध्यस्थाकडून एकमेकांचा ठावठिकाणा घेतात आणि सांकेतिक भाषेत बोलू लागतात. ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच ते बोलणं कळतं.

एवढं केलंत, तरी सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करा आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवाच.