पिकअप वाहनातील इंजिन-तेल : निवड आणि बदलीची मुदत

‘वंगण’ हा शब्द मराठीत मोटारीच्या पूर्वीपासून रूढ आहे. बैलगाडीच्या आसाला घालावयाचे ते वंगण. त्याचे कार्य एकच होते आणि त्याची परीक्षाही सोपी होती. चाक कुरकुरू लागले की वंगण घालावे, आणि ते जितके जाड तितके अधिक दिवस टिकेल असे समजावे. पुढे मोटार आली, तिच्याबरोबर इंजिन आले; परंतु तेलाविषयी बोलण्याची भाषा पुष्कळशी तीच राहिली. आजही गॅरेजमध्ये तेलाचा विचार ‘जाड’ की ‘पातळ’ आणि ‘काळे’ की ‘स्वच्छ’ या दोन प्रश्नांच्या आधारे होतो, आणि मुदतीचा विचार केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून होतो. हे तीनही निकष अनुभवातून आलेले असल्यामुळे ते सर्वस्वी टाकाऊ नव्हेत. तथापि ज्या इंजिनांच्या अनुभवातून ते आले, त्या इंजिनांची आणि आजच्या इंजिनांची रचना एक नाही. जुने निकष नव्या इंजिनास लावल्यास काय घडते आणि त्यांच्या जागी कोणते निकष घ्यावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट घेऊन एक डिझेल पिकअप माळशेज घाट उतरते, कल्याणमार्गे वाशीच्या बाजारात पोहोचते, तेथे माल उतरेपर्यंत रांगेत उभे राहते आणि मिळाल्यास परतीचा माल घेऊन पुन्हा घाट चढते. असे वाहन बहुधा कर्जाऊ घेतलेले असते. त्याचे इंजिन अकाली खोलावे लागले तर दुरुस्तीचा खर्च पडतोच, शिवाय ऐन हंगामात वाहन उभे राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तेलाची निवड हा विषय किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम किरकोळ नसतात.

१. ‘जाड’ आणि ‘पातळ’

तेलाच्या डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ अशा प्रकारची खूण असते. तेलांचे असे वर्गीकरण अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ मध्ये आरंभिले, आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होऊन आजचे ‘जे ३००’ हे प्रमाण सिद्ध झाले. ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. ते वजनाचे द्योतक आहे ही समजूत निराधार आहे. ही खूण वाचताना ध्यानात घ्यावयाची मुख्य गोष्ट अशी, की ती एक संख्या नसून दोन स्वतंत्र विधाने आहेत, आणि ती दोन भिन्न अवस्थांविषयी केलेली आहेत.

‘१५डब्ल्यू’ हे पहिले विधान थंड इंजिनाविषयी आहे. उणे २० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता ७,००० मिलिपास्कल-सेकंदांहून अधिक नसावी, म्हणजे स्टार्टरला इंजिन फिरविता येईल; आणि उणे २५ अंशांनाही पंपाला ते ओढून घेता यावे, असा त्याचा अर्थ. ‘४०’ हे दुसरे विधान तापलेल्या इंजिनाविषयी आहे. १०० अंशांना तेलाची श्यानता किमान १२.५ आणि १६.३ हून कमी सेंटिस्टोक्स असावी, एवढेच ते सांगते. यावरून ‘१५’ आणि ‘४०’ ही मापे नसून केवळ वर्गांची नावे आहेत, हे स्पष्ट होईल.

आता हाताच्या परीक्षेचा विचार करू. १५डब्ल्यू-४० वर्गाच्या तेलाची श्यानता ४० अंशांना साधारणतः शंभर सेंटिस्टोक्सच्या पुढे असते, ती १०० अंशांना चौदा-पंधरावर येते. चिमटीत धरलेले तेल हाताच्या उष्णतेइतकेच उष्ण असते. म्हणजे ज्या तापमानास त्याला खरे काम करावयाचे असते, त्या तापमानाविषयी ही परीक्षा काहीच सांगत नाही. दोन तेले गॅरेजमध्ये सारखी जाड लागूनही इंजिनात भिन्न ठरू शकतात, आणि उलटही घडू शकते.

पहिल्या संख्येचे महत्त्व प्रदेशानुसार बदलते. लेहच्या हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या आसपास उतरतो. तेथे १५डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतील अंतर म्हणजे इंजिन सुरू होणे अथवा न होणे यांतील अंतर ठरू शकते. जुन्नर तालुक्यात तशी वेळ येत नाही. येथे लहान पहिल्या संख्येचा लाभ एवढाच, की पहाटे इंजिन सुरू होताच तेल सर्वत्र किंचित लवकर पोहोचते. दुसरी संख्या मात्र येथेही तितकीच निर्णायक आहे.

‘उन्हाळा आहे, जाड तेल घाला’ हा सल्ला याच ठिकाणी तपासून पाहावा लागतो. चालत्या इंजिनाचे तापमान मुख्यतः थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांनी नियंत्रित केलेले असते. बाहेर ३० अंशांऐवजी ४२ अंश तापमान असले तरी इंजिनातील तेल त्या प्रमाणात अधिक तापत नाही. बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजली जाते, आणि तेलाचा वर्ग व ही फट यांची योजना आराखडा करतानाच एकमेकांस धरून झालेली असते. नेमलेल्याहून जाड तेल घातल्यास ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने उष्णता व इंधनाचा खर्च वाढविते. नेमलेल्याहून पातळ तेल घातल्यास भाराखाली तेलाचा पापुद्रा तुटण्याचा संभव असतो. म्हणून ‘जाड तेल चांगले’ आणि ‘पातळ तेल आधुनिक’ ही दोन्ही विधाने निरर्थक होत. वाहनाच्या पुस्तिकेत नेमलेला वर्ग हाच येथे प्रमाण.

२. डब्यावरील दुसरी खूण

श्यानतेची संख्या मोठ्या टाइपात छापलेली असल्याने खरेदी तिच्यावरूनच होते. वस्तुतः आजच्या वाहनाच्या दृष्टीने तिच्याइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाची खूण डब्याच्या मागील बाजूस असते. ती ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या वर्गाची. या संस्थेने १९४७ मध्ये तेलांचे साधे, उत्तम आणि भारी कामाचे असे तीनच वर्ग केले होते. आज ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे आणि ‘सी’ने सुरू होणारे डिझेल इंजिनांचे आहेत. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितका वर्ग नंतरचा : सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. शेवटचा ‘४’ हा चार-स्ट्रोक इंजिनाचा निदर्शक आहे. सामान्यतः नंतरचा वर्ग पूर्वीच्या वर्गाची जागा घेऊ शकतो, पूर्वीचा नंतरच्याची घेऊ शकत नाही. २०१६ मध्येच निघालेला एफए-४ हा वर्ग मात्र या नियमास अपवाद आहे. तो काही विशिष्ट नव्या इंजिनांपुरता असून जुन्यांत वापरण्यासाठी नाही.

हा भेद भारतात १ एप्रिल २०२० पासून विशेष महत्त्वाचा झाला. त्या दिवशी भारत स्टेज सहा हे प्रमाण देशभर लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षांश ५० भागांवरून १० भागांवर आली. या प्रमाणाच्या बऱ्याच डिझेल वाहनांत धुराच्या मार्गावर काजळी अडविणारी गाळणी असते. तीत साठलेली काजळी ठरावीक अंतराने उच्च तापमानास जाळून टाकली जाते. परंतु इंजिनात अल्प प्रमाणात जळणाऱ्या तेलातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त इत्यादी धातूंची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साठते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ या वर्गांत सल्फेटयुक्त राखेचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्याची अट आहे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. हे धातू तेलात घातले जातात ते काही अंशी ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करण्यासाठीच. मग ते कमी करणे घातक नव्हे काय? याचे उत्तर इंधनात सापडते. गंधक घटल्यामुळे आम्लांची निर्मितीच घटली आहे. तेल, इंधन आणि गाळणी ही एका योजनेची तीन अंगे असून त्यांपैकी एक जुने ठेवले की उरलेली दोन व्यर्थ होतात. भारत स्टेज सहाच्या पिकअपमध्ये जुन्या वर्गाचे तेल घातल्यास इंजिन त्या दिवशी काहीच तक्रार करीत नाही. पुढे गाळणी वारंवार तुंबू लागते, डॅशबोर्डावरील इशारा-दिवा लागतो, घाटात ओढ कमी पडते. तोपर्यंत तेलावर वाचविलेल्या पैशाच्या अनेकपट खर्च समोर उभा राहिलेला असतो. काही पुस्तिकांत या वर्गाऐवजी युरोपीय ‘एसीईए’ वर्ग अथवा उत्पादकाचा स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. अशा वेळी त्यालाच प्रमाण मानावे.

३. ‘काळे’ आणि ‘स्वच्छ’

डिझेल इंजिनातील तेल बदलल्यानंतर अल्पावधीतच काळे पडते, आणि मालकास आपली फसवणूक झाल्याचा संशय येतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. ज्वलनातून येणारी काजळी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात स्वतःत तरंगत ठेवणे, तिचे गोळे होऊ न देणे आणि बदलीच्या वेळी ती बाहेर नेणे हे तेलाचे एक नेमून दिलेले कार्य आहे. तेल काळे पडले म्हणजे ते हे कार्य करीत आहे. काजळी तेलात न राहता इंजिनाच्या भिंतींवर बसली असती, तर पट्टीवरचे तेल अधिक स्वच्छ दिसले असते. यास्तव काळेपणावरून तेल संपले किंवा नाही याचा निर्णय करता येत नाही.

चिमटीच्या परीक्षेतील दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. वापरात असलेले तेल दोन परस्परविरुद्ध कारणांनी बदलत असते. काजळी आणि ऑक्सिडीकरण यांमुळे ते घट्ट होत जाते. तर त्यात मिसळणारे डिझेल आणि श्यानता टिकविणाऱ्या बहुवारिकांच्या साखळ्या तुटणे यांमुळे ते पातळ होत जाते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतील तर त्यांचे परिणाम एकमेकांस झाकतात, आणि दोन्ही बाजूंनी बिघडलेले तेल हातास जसेच्या तसे लागते.

पट्टीवरील पातळीचे वाचनही यामुळे बदलते. ‘इंजिन तेल खात नाही’ हे वाक्य समाधानाने उच्चारले जाते. परंतु गाळणीतील काजळी जाळण्यासाठी काही इंजिनांत जादा डिझेल उशिरा फवारले जाते, आणि त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरतो. वाहन वारंवार थोड्या अंतरासाठी चालविले, आणि ही क्रिया अर्धवट तुटत गेली, तर पातळी घटण्याऐवजी वाढते. वाढलेली पातळी हा शुभशकुन नसून इशारा आहे. ती वरच्या खुणेच्या पुढे गेल्यास मुदतीची वाट न पाहता तेल बदलावे आणि कारण शोधावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजावे.

४. मुदत

अमेरिकेत दर तीन हजार मैलांस, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरांस तेल बदलण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. तत्कालीन तेले आणि इंजिने पाहता तो सयुक्तिक होता. पुढे दोन्ही सुधारली, तरी प्रघात पुष्कळ दिवस टिकून राहिला. आजच्या पुस्तिकांतील आकडे वाहनागणिक भिन्न असतात आणि बहुधा बरेच मोठे असतात. पण तो आकडा एकटा नसतो. त्याच्यासोबत महिन्यांची मर्यादा असते आणि ‘यांपैकी जे आधी घडेल ते’ अशी अट असते. तसेच कठीण वापरासाठी वेगळी, लहान मुदत दिलेली असते. व्यवहारात मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो आणि अटी विसरल्या जातात.

किलोमीटर हे इंजिनाच्या कामाचे अप्रत्यक्ष माप आहे. उभ्या वाहनाचे इंजिन चालू असता ते माप थांबते, इंजिन थांबत नाही. समजा, आपल्या उदाहरणातील पिकअप दिवसास १०० किलोमीटर धावते आणि दोन तास चालू इंजिनाने उभे असते. मिनिटास ७५० फेरे धरल्यास त्या दोन तासांत इंजिनाचे ९०,००० फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर वेग आणि मिनिटास २,००० फेरे धरल्यास तितक्याच फेऱ्यांत वाहनाने ४५ किलोमीटर अंतर कापले असते. म्हणजे शंभर दिवसांनी मीटरवर १०,००० चा आकडा येईल तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा हिशेब १४,५०० किलोमीटरांचा झालेला असेल. ही तुलना अर्थातच ढोबळ आहे. उभ्या इंजिनावर भार नसतो. परंतु ते थंड चालते, ज्वलन अपुरे होते, आणि काजळी, डिझेल व पाण्याचा अंश तेलात उतरण्यास ती अवस्था अनुकूल असते.

भरलेल्या वाहनाने घाट चढणे, धुळीचे रस्ते, वारंवार थोडे अंतर चालणे आणि दीर्घकाळ उभे राहणे ही सर्व कठीण वापराची लक्षणे होत. मालवाहू पिकअपच्या बाबतीत ‘कठीण’ हा अपवाद नसून नियम असतो. म्हणून मालकाने पुस्तिकेतील लहान मुदतच आपली मानावी. मुदतीपूर्वी तेल बदलल्यास पैसा वाया जातो, इंजिन नाही; मुदत ओलांडल्यास याच्या उलट घडू शकते. ज्यांच्याकडे अनेक वाहने आहेत त्यांना तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे परवडते. त्यात लोहावरून झीज, सिलिकॉनवरून आत शिरलेली धूळ आणि आम्लारी राखीव प्रमाणावरून तेलाचे उरलेले सामर्थ्य कळते. डोळा आणि चिमटी यांना जे सांगता येत नाही ते या परीक्षेत कळते.

५. प्रत्यक्ष व्यवहार

बदलीच्या वेळी इंजिन कोमट आणि वाहन सपाट जागेवर असावे, म्हणजे काजळीसह तेल पूर्ण निथळते. तेलाबरोबर फिल्टर बदलावाच. नवे तेल मापाने घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहावी, आणि तारीख, किलोमीटर व तेलाचे दोन्ही वर्ग वहीत नोंदवावेत. वाटेत तेल कमी पडल्यास, आणि नेमलेले तेल मिळत नसल्यास, त्याच वर्गाचे दुसऱ्या कंपनीचे तेल घालणे हे अपुऱ्या तेलावर घाट चढण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. काढलेले तेल जमिनीवर किंवा ओढ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार त्याची गणना घातक कचऱ्यात होते, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

‘वंगण’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ मात्र विस्तारला आहे हे ओळखले पाहिजे. आज तेच द्रव्य घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी धरून ठेवते, आम्ल निष्प्रभ करते, आणि हे सर्व धुराच्या गाळणीस इजा न करता त्याला साधावे लागते. एवढी कार्ये करणाऱ्या द्रव्याची परीक्षा आसाच्या वंगणाच्या कसोट्यांनी होणार नाही. दुकानात ‘किती जाड?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या वर्गाचे?’ असे विचारावे, आणि किलोमीटर किती झाले हे पाहताना ते कशा रीतीने झाले हेही पाहावे. हे दोन प्रश्न विचारणाऱ्या मालकास ऐन हंगामात इंजिन खोलण्याची पाळी येण्याचा संभव पुष्कळच कमी राहतो.