रस्ता आधी ड्रायव्हरला कळतो

साताऱ्या-सांगलीतले रस्त्यांवरचे धोके एसटी, ट्रक, टँकर आणि उसाच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या डोळ्यांखालून रोज जातात. मग ते पोलिसांच्या कानावर अपघातानंतरच का येतात?

पुणे-बंगळूरु महामार्गावर साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो आणि उतारावरच ते ‘एस’ वळण येते. १० एप्रिल २०१८च्या पहाटे कर्नाटकातल्या विजयपूर भागातून शिरवळकडे मजूर घेऊन निघालेली मालवाहू गाडी तिथे उलटली आणि १८ जण गेले. त्या दिवशी ते वळण राज्यभराच्या बातम्यांत आले. महामार्गावर कायम फिरणाऱ्या ड्रायव्हरला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. बोगद्यातून बाहेर पडताना गाडीला आपोआप वेग येतो, भरलेली गाडी वळणात बाहेर फेकली जाते, आणि ब्रेकवर उभे राहिले तरी उपयोग होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. आता जुन्या बोगद्याला पर्याय म्हणून नवे जुळे बोगदे हाती घेतले गेले, ते हे वळणच टाळण्यासाठी.

ड्रायव्हरला माहीत असणे आणि सरकारदरबारी माहीत असणे यांत एवढे अंतर का, याचे एक उत्तर नियमातच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे मेली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे जागा धोक्याची आहे हे कागदावर येण्याआधी माणसे जावी लागतात. तिथे शंभर वेळा करकचून ब्रेक लागले, दहा गाड्या दुभाजकाला घासून गेल्या आणि सगळे ‘थोडक्यात वाचले’, याची नोंद त्या हिशेबात कुठेच होत नाही. ती नोंद फक्त ड्रायव्हरच्या डोक्यात असते. महाराष्ट्रात वर्षाला १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात. त्यामुळे ही डोक्यातली नोंद कागदावर कशी आणायची, हा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

कोणाला काय दिसते

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या बाबतीत वेगळे आहेत. एकाच महामार्गावर इथे आंतरराज्य ट्रक, एसटी, दुधाचे टँकर, वाशीला भाजी नेणारे टेम्पो आणि उसाचे ट्रॅक्टर एकत्र धावतात, आणि प्रत्येकाला वेगळा धोका दिसतो.

पाटण किंवा कराड आगाराची गाडी घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारा एसटी ड्रायव्हर पावसाळ्यात डोंगर बघत गाडी चालवतो. काल कोरडी असलेली कडा आज झिरपते आहे, वळणावर लहान दगड आणि लाल चिखल आला आहे, गटार तुंबून पाणी रस्त्यावरून वाहते आहे, या खुणा मोठी दरड येण्याआधीच्या असू शकतात. तोच माणूस सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो, म्हणून त्याला फरक कळतो. पहिल्यांदा घाटात आलेल्या पर्यटकाला तो कळत नाही.

दूध संघांच्या टँकरवाल्यांची वेळ पहाटेची. बंद पडलेला ट्रक उजव्या लेनमध्ये उभा आहे, त्याला ना दिवा ना रिफ्लेक्टर, हे त्यांना सर्वांत आधी दिसते. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामात डायव्हर्शन बदलत राहिले. काल उजवीकडे वळणारा रस्ता आज डावीकडे वळतो आणि रात्रीत लावलेला बाणाचा फलक ट्रकच्या धक्क्याने आडवा पडतो, हेही त्यांनाच पहिल्यांदा कळते.

कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्याचे रूपच बदलते. कृष्णा, सह्याद्री, अजिंक्यतारा, राजारामबापू, क्रांती, किसन वीर अशा कारखान्यांकडे रात्रंदिवस ऊस निघतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. अंधारात मागून येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. पोलिस आणि आरटीओ दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. पण पट्टी उसाच्या पाचटाखाली झाकली गेली किंवा चिखलाने माखली, हे मागे असलेल्या ड्रायव्हरलाच दिसते. कराड-विटा-जत रस्ता असो की मिरजेहून कवठेमहांकाळकडे जाणारा, गोष्ट तीच.

डिप्परची भाषा आणि तिची मर्यादा

ड्रायव्हर गप्प बसतात असे मात्र नाही. त्यांची स्वतःची यंत्रणा जुनी आहे आणि झटपट चालते. समोरून येणारा दोनदा डिप्पर देतो, म्हणजे पुढे काहीतरी आहे. खिडकीतून हात बाहेर काढून तळवा खाली दाबला, की ‘हळू’. गाडी बंद पडली की मागे झाडाची फांदी आणि दगड मांडायचे. आता त्यात व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आले आहेत. आनेवाडी टोलला किती रांग आहे, तासवड्याला काय झाले आहे, हे मिनिटांत पसरते.

या यंत्रणेत दोन उणिवा आहेत. पहिली, डिप्पर फक्त समोरच्याला कळतो. तो पुढे गेला की माहितीही संपते आणि दहा मिनिटांनी येणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसरी, धोका तसाच राहतो. फांदी आणि दगड तर गाडी दुरुस्त होऊन निघून गेल्यावरही रस्त्यातच पडून राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराचा जीव घेतात. ड्रायव्हर एकमेकांना सावध करू शकतात. क्रेन बोलावणे, वाहतूक वळवणे, रस्ता बंद करणे हे त्यांच्या हातात नाही. त्यासाठी पोलिस लागतात.

एका माणसाने वेळेत सांगितले तर काय होते, याचे उदाहरण घाटाखालीच आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बससह काही वाहने नदीत गेली. पूल पडल्याचे जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाच्या लक्षात आले. त्याने येणारी वाहने थांबवायला सुरुवात केली आणि पोलिसांना कळवले. त्या पावसात आणखी किती गाड्या त्या खळाळात गेल्या असत्या, याचा अंदाज कोणीही करावा.

फोन का केला जात नाही

मग रोज धोका पाहणारा ड्रायव्हर फोन का करत नाही? कारणे साधी आहेत.

पहिले कारण वेळेचे आणि जागेचे. चालत्या गाडीत मोबाइल हातात धरणे गुन्हा आहे. थांबावे तर महामार्गाच्या कडेला ट्रक उभा करणे हाच नवा धोका. एसटीत कंडक्टर तरी असतो. ट्रकवर पूर्वी क्लीनर असायचा, आता कित्येक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच. त्यात माल पोहोचवण्याची वेळ ठरलेली.

दुसरे कारण हद्दीचे. शिरवळ, भुईंज, बोरगाव, उंब्रज, तळबीड, कराड, कासेगाव अशी एकामागून एक पोलिस ठाणी या महामार्गावर येतात. तमिळनाडूच्या किंवा राजस्थानच्या ड्रायव्हरला सोडाच, मिरजेच्या ड्रायव्हरलाही आपण आत्ता कोणाच्या हद्दीत आहोत हे सांगता येणार नाही. त्यातून रस्ता कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, कुठे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. खड्डा पोलिस बुजवत नाहीत आणि प्राधिकरण वाहतूक वळवत नाही.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण भीतीचे. पोलिसांशी ड्रायव्हरची गाठ पडते ती बहुधा कागदपत्रे, ओव्हरलोड आणि चलनासाठी. ई-चलनांविरोधात राज्यातले वाहतूकदार जुलै २०२५मध्ये संपावर गेले, यावरून ती कटुता किती आहे हे दिसते. त्याआधी, १ जानेवारी २०२४ला देशभरातल्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या त्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)मुळे. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता चालक पळाला, तर १० वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. ड्रायव्हरांचे म्हणणे होते की पळून न जावे तर जमाव मारतो. संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली ती हे उपकलम बाजूला ठेवून. जमावाचा धोका कायद्यालाही माहीत आहे: मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला मदत करणे चालकाचे कर्तव्य ठरवते, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर सूट देते, पोलिसांना मात्र २४ तासांच्या आत कळवावेच लागते.

या वादाने एक नुकसान केले. ‘पोलिसांना कळवणे’ ही गोष्ट ड्रायव्हरच्या मनात अपघात, गुन्हा आणि कैद यांच्याशी जोडली गेली. धोका कळवणे हे त्याहून अगदी निराळे काम आहे, हे कोणी त्याला समजावून सांगितले नाही.

साक्षीदार म्हणून कोर्टाच्या खेपा माराव्या लागतील, ही भीती मात्र आता बरीचशी बिनबुडाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९च्या दुरुस्तीने ती कलम १३४अ म्हणून मोटार वाहन कायद्यात आली. जखमीसाठी फोन करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात, ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास २०२५पासून ‘राह-वीर’ योजनेत २५ हजार रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५ हजार होती.

कुठे आणि काय सांगायचे

लक्षात ठेवायचे क्रमांक दोनच. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. हा फोन राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीला निरोप मिळतो, त्यामुळे हद्द शोधण्याचे काम फोन करणाऱ्याचे राहत नाही. राष्ट्रीय महामार्गावर बंद गाडी, सांडलेले तेल, तुटलेला कठडा, खड्डा असे काही असेल तर १०३३; ही प्राधिकरणाची २४ तासांची मदतवाहिनी आहे. त्यांच्याच ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅपवर खड्ड्याचा फोटो ठिकाणासह पाठवता येतो. अ‍ॅप मात्र गाडी थांबल्यावर, धाब्यावर किंवा पंपावर.

सांगताना चार गोष्टी पुरतात. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, किंवा मागे गेलेला टोल, पूल, फाटा. पुणे बाजूची लेन की कोल्हापूर बाजूची. काय आहे आणि कोणत्या लेनमध्ये. आणि कोणी जखमी आहे का. ‘कराडच्या पुढे ट्रक उभा आहे’ एवढ्यावरून पोलिसाला चुकीच्या बाजूने गाडी काढावी लागते आणि वळायला पुढचा उड्डाणपूल येईपर्यंत वेळ जातो.

महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१पासून ‘महामार्ग मृत्युंजय दूत’ ही योजना राबवली. महामार्गालगतच्या गावांतले लोक, धाबे आणि पेट्रोल पंपांवरची माणसे यांचे गट करून त्यांना जखमीला उचलण्याचे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यायचे आणि स्ट्रेचर पुरवायचे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे, पण तिचे काम अपघात झाल्यावर सुरू होते. धाब्यावर जेवायला उतरलेल्या ड्रायव्हरकडून पुढच्या-मागच्या वीस किलोमीटरची खबर घेणे, हे त्याच दूताचे दुसरे काम होऊ शकते.

सांगणाऱ्याला उत्तर

धोका पाहणाऱ्याला न घाबरता बोलते कसे करायचे, हा प्रश्न विमान वाहतुकीने ५० वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. अमेरिकेत १९७६मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत वैमानिक आपल्या नजरेस आलेला धोका, स्वतःची चूकसुद्धा, गोपनीयपणे कळवतात. ते अहवाल नियामकाकडे जात नाहीत, ‘नासा’कडे जातात, आणि नावे काढून टाकली जातात. शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा वेगळा ठेवला, म्हणून माणसे बोलू लागली. उलट, अमेरिकेतल्याच ट्रकवाल्यांच्या ‘हायवे वॉच’ या उपक्रमाकडे २००१च्या दहशतवादी हल्ल्यानंतर संशयितांवर नजर ठेवण्याचेही काम आले. आपल्याकडे तशी चूक नको. ड्रायव्हर रस्त्याचा जाणकार आहे, त्याला खबऱ्या करू नये.

साताऱ्या-सांगलीत हे करायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समित्या आहेत. पोलिस, आरटीओ, बांधकाम खाते तिथे एकत्र बसतात. तिथे एसटी आगारांतले, ट्रक संघटनांचे आणि ऊस वाहतूकदारांचे प्रतिनिधी बसवावेत. एसटीच्या प्रत्येक आगारात ड्यूटी संपवणाऱ्या ड्रायव्हरकडून वाटेतला धोका लिहून घेणारी वही ठेवावी आणि तिची नक्कल आठवड्याला समितीकडे जावी. सातारा, कराड, पाटण, वाई, इकडे सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत: एवढ्या आगारांच्या वह्या एकत्र वाचल्या, तर अपघाताआधीच एका वळणाचे नाव पाच-सहा ड्रायव्हरांच्या हस्ताक्षरात दिसेल. ब्लॅक स्पॉटच्या व्याख्येला जे जमत नाही, ते ही वही करू शकते.

माहिती उलट बाजूनेही यायला हवी. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रकांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या, तेव्हा ड्रायव्हरांचा एकच प्रश्न होता: पुढे रस्ता कधी सुरू होणार? ज्याला रस्त्यावर उभे असताना उत्तर मिळते, तोच पुढच्या वेळी आपणहून सांगायला फोन करतो. म्हणून प्रत्येक तक्रारीला क्रमांक, आणि काम झाल्यावर ‘ट्रक हलवला’, ‘फलक उभा केला’ एवढा दोन-तीन शब्दांचा संदेश मिळाला पाहिजे. फोन करणाऱ्याच्या गाडीचे कागद त्या वेळी तपासायचे नाहीत, हा साधा आदेशही हवा. नाहीतर पुढच्या वेळी तो धोका पाहील, समोरच्याला डिप्पर देईल आणि निघून जाईल.

कायद्याची बाजूही आता जरा जड झाली आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अमध्ये २०१९पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हा बचाव अशा प्रकरणांत नेहमीचा. तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा असलेली ड्रायव्हरची नोंद हाती असेल, तर तो बचाव टिकणार नाही. गाळप सुरू होण्याआधी आगाराची पहिली वही उघडायला एक रजिस्टर आणि एक पेन पुरे. त्यासाठी ना टेंडर लागते, ना निधी.