बचावाचे वकील – ६ : भुलाभाई देसाई आणि लाल किल्ल्यातला खटला

गेल्या आठवड्यात आपण लष्करी न्यायालयाचं काम कसं चालतं ते पाहिलं. न्यायासनावर लष्करी अधिकारीच बसतात, दोषी की निर्दोष ते तेच ठरवतात, आणि त्या काळी सरसेनापतींनी शिक्कामोर्तब केल्याशिवाय शिक्षा अमलात येत नसे. यातली शेवटची गोष्ट विसरू नका, आज तिच्याकडे परत यायचं आहे.

मुंबईत भुलाभाई देसाईंचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते बहुधा पत्ता सांगताना. वॉर्डन रोडला त्यांचं नाव दिलेलं आहे. चित्रकला आणि रंगभूमीत रमलेल्या जुन्या मंडळींना त्याच रस्त्यावरची भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट आठवेल. त्यांच्या सूनबाई माधुरी देसाई यांनी ती चालवली. हुसेन, गायतोंडे, अल्काझी, रविशंकर तिथे काम करत. वकील भुलाभाई मात्र या आठवणींत सापडत नाहीत. आझाद हिंद सेनेच्या खटल्याचं नाव काढलं की डोळ्यांपुढे येतात ते वर्षानुवर्षांनी वकिलीचा झगा चढवलेले नेहरू. नेहरू तिथे होतेच. सर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, आसफ अली हेही होते. पण सप्रूंची प्रकृती साथ देईना आणि खटल्याचा भार भुलाभाईंवर येऊन पडला. बचावाचं अखेरचं भाषण त्यांनीच केलं.

त्यांचं वय तेव्हा ६८ होतं आणि तब्येत खालावलेली होती. राजकारणात तर त्यांच्या वाट्याला अपमान आला होता. १९४५च्या सुरुवातीला, नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना, भुलाभाईंनी मुस्लिम लीगच्या लियाकत अली खानांशी हंगामी सरकारच्या रचनेबद्दल बोलणी केली. केंद्रात काँग्रेस आणि लीग यांना समान जागा, असा तो मसुदा होता. गांधीजींच्या कानावर गोष्ट होती. बातमी फुटल्यावर लियाकत अलींनी कानांवर हात ठेवले, आणि सुटून आलेल्या काँग्रेस पुढाऱ्यांना हा परस्पर केलेला उद्योग वाटला. मध्यवर्ती कायदेमंडळात काँग्रेसचं नेतृत्व केलेल्या या माणसाला त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारी दिली नाही. त्याच सुमाराला काँग्रेसच्या बचाव समितीला हाच वकील हवा होता, आणि तो आला. माझ्या मते भुलाभाईंच्या स्वभावाची खरी ओळख इथे पटते.

खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लों हे तीन आरोपी. अध्यक्ष मेजर जनरल ब्लॅक्सलंड. सरकारची बाजू मांडायला अ‍ॅडव्होकेट जनरल सर नौशिरवान इंजिनिअर, म्हणजे समोरचा वकीलही मुंबईच्याच बारमधला. पहिला आरोप भारतीय दंडसंहितेच्या १२१व्या कलमाखालचा, बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. टिळकांवर १९०८ साली चालला तो खटला १२४-अ खालचा, लेखांबद्दलचा. इथे प्रत्यक्ष शस्त्र हाती घेतल्याचा आरोप होता. दुसरा आरोप खुनाचा आणि खुनाला चिथावणी दिल्याचा. आघाडीवर फितूर झालेल्या काही शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या, त्याबद्दलचा.

नेहमीच्या वकिलापुढे एक सरळ वाट होती. पोरं युद्धकैदी होती, जपान्यांच्या छळातून सुटायला सैन्यात गेली, दया करा. भुलाभाईंनी ती वाट धरली नाही. हे लढले, ही गोष्ट त्यांनी नाकारलीच नाही. त्यांचं म्हणणं असं : २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंदचं हंगामी सरकार स्थापन झालं. त्याला जपान-जर्मनीसह नऊ राष्ट्रांनी मान्यता दिली. त्याचं मंत्रिमंडळ होतं, पैसा होता, प्रजा म्हणून शपथ घेतलेले लाखो भारतीय होते आणि स्वतःच्या लष्करी कायद्याने चालणारी फौज होती. अशा सरकारने रीतसर युद्ध पुकारलं की त्याचे सैनिक आंतरराष्ट्रीय कायद्याने युद्धमान पक्षाचे सैनिक ठरतात. मग एका देशाची दंडसंहिता त्यांना लागू करता येत नाही, जशी ती शत्रूच्या कुठल्याही शिपायाला लागू करता येत नाही. अमेरिकी वसाहती बादशहाविरुद्धच लढल्या होत्या, याची आठवण त्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना करून दिली. आणि निष्ठेबद्दल विचाराल, तर फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूरच्या फॅरर पार्कवर ब्रिटिश अधिकाऱ्यानेच भारतीय सैनिक जपान्यांच्या हवाली केले होते. बादशहा आणि देश यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा या माणसांनी देश निवडला.

या मांडणीची खुबी अशी की एका उत्तरात दोन्ही आरोप येतात. फौज खरी असेल, तर फितुरांना तिच्या कायद्याने झालेली शिक्षा ही लष्करी शिस्त ठरते, खून ठरत नाही. हे सिद्ध करायला भुलाभाईंनी जपानी राजनैतिक अधिकारी साक्षीला आणले, हंगामी सरकारचे प्रसिद्धिमंत्री एस. ए. अय्यर यांना उभं केलं. अखेरचं भाषण दोन दिवस चाललं.

इंजिनिअर यांचं उत्तर कायद्याच्या दृष्टीने भक्कम होतं. बंडखोरांच्या सरकारचा हुकूम दाखवून बादशहाच्या प्रजाजनाला निष्ठेतून सुटता येत नाही; आणि बादशहाच्याच कायद्याखाली बसलेलं न्यायालय ते सरकार मान्य करणार कसं? भुलाभाईंना हे ठाऊक नव्हतं असं मानणं म्हणजे चाळीस वर्षांच्या वकिलीचा अवमान. म्हणून मला वाटतं, ते त्या सात अधिकाऱ्यांच्या पलीकडे बोलत होते. निकालावर शिक्कामोर्तब करायचं होतं सरसेनापती ऑकिनलेकना. त्यांना कलमांखेरीज देशाची आणि सैन्याची मनःस्थितीही पाहावी लागणार होती. दयेची याचना केली असती तर आरोपी गुन्हेगार म्हणूनच सुटले असते. बारडोलीच्या सारावाढीच्या चौकशीत शेतकऱ्यांसाठी उभे राहिलेल्या या माणसाला तसली सुटका नको होती.

न्यायालयाने युक्तिवाद मान्य केला नाही. युद्धाच्या आरोपात तिघेही दोषी ठरले. शाहनवाज खान खुनाला चिथावणी दिल्याबद्दलही. सहगल आणि धिल्लों खुनासंबंधीच्या आरोपांतून सुटले. शिक्षा ठरली जन्मठेप काळ्या पाण्याची, आणि नोकरीतून बडतर्फी. ३ जानेवारी १९४६ रोजी ऑकिनलेकनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि थकलेल्या पगाराची जप्ती मात्र कायम ठेवली. शिक्षा अमलात आणली असती तर सैन्यात बंडाळी माजली असती, असं त्यांनी पुढे आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलं. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या बंदरात नाविकांनी उठाव केला.

भुलाभाई खटला जिंकले असं सर्रास लिहिलं जातं. हे चुकीचं आहे, आणि त्यांच्यावर अन्याय करणारंही. कायद्याच्या मुद्द्यावर ते हरले. ज्या मुद्द्यावर हार ठरलेलीच होती तो त्यांनी आजारी शरीराने, कुठेही सैल न सोडता मांडला, यात त्यांचा मोठेपणा आहे. ६ मे १९४६ रोजी ते गेले. पक्षाने झिडकारल्याची भरपाई त्यांच्या हयातीत झाली नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मोतीलाल सेटलवाड स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी झाले आणि त्यांनी आपल्या गुरूचं चरित्र लिहिलं. चरित्र म्हणून ते वाचावंच, पण त्याआधी खटल्याचं कामकाज वाचावं. ते १९४६मध्येच छापून आलं.

आझाद हिंदच्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यातही परत घेतलं गेलं नाही. म्हणजे ती फौज खरी फौज होती, हे भुलाभाईंचं म्हणणं आपल्याच सरकारलाही पूर्णपणे पटलं नव्हतं. ते का, आणि कॅप्टन अब्दुल रशीद यांच्या खटल्यात सरकारने आरोपांचं स्वरूप कसं बदललं, ते पुढच्या आठवड्यात.