दोनशे वीस अक्षरांत ढग

मालवाहू विमानाच्या कॉकपिटमध्ये, दोघा वैमानिकांच्या मधल्या पॅनेलवर, बहुधा एक लहानसा प्रिंटर असतो. दुकानातल्या बिलासारखी अरुंद कागदी पट्टी त्यातून सरकत बाहेर येते. रात्री अडीच वाजता, पस्तीस हजार फुटांवर असलेल्या वैमानिकाला मुंबईचं ताजं हवामान हवं असेल, तर ते या पट्टीवर उमटतं. वारा, दृश्यमानता, ढगांचा तळ, तापमान, हवेचा दाब, सगळं ठरलेल्या संक्षेपांत आणि आकड्यांत.

या पट्टीवरचा मजकूर पाठवणाऱ्यांपैकी मी एक आहे. ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये रात्रपाळीला बसणारा फ्लाइट डिस्पॅचर. उड्डाणाचा मार्ग, इंधनाचा हिशेब, पर्यायी विमानतळ, नोटॅम म्हणजे विमानतळांविषयीच्या आणि मार्गाविषयीच्या ताज्या सूचना, ही तयारी आम्ही करतो आणि विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतो. ‘मालवाहू विमानात इंटरनेट कशाला लागतं?’ असं मला घरचेही विचारतात आणि कचेरीतल्या हिशेब पाहणाऱ्यांनीही विचारलं आहे. मागे खोकी आणि पॅलेट, पुढे दोन माणसं. सिनेमा कोण बघणार आहे? प्रश्न सरळ आहे, आणि त्याचं उत्तर मला माझ्या कामातूनच देता येतं.

आमचा आणि विमानाचा संवाद मुख्यतः ‘एकार्स’ नावाच्या यंत्रणेवर चालतो. ती 1978 साली अमेरिकेत सुरू झाली. व्हीएचएफ रेडिओवरून तिच्या मूळ पद्धतीत सेकंदाला 2400 बिट जातात आणि मजकुराच्या एका तुकड्यात जास्तीत जास्त 220 अक्षरं मावतात. मजकूर मोठा असला तर त्याचे तुकडे पडतात. ही यंत्रणा जुनी आहे पण भरवशाची आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. इंजिनाचे आकडे, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ, बदललेला पार्किंग बे, या गोष्टी ती बिनबोभाट पोचवते. चित्र मात्र तिच्यातून जात नाही, आणि माझ्या कामाचा अवघड भाग तिथेच आहे.

माझ्यासमोर इन्सॅटचं उपग्रहचित्र असतं. कुलाब्याच्या आणि वेरावलीच्या डॉप्लर रडारचं चित्र असतं. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भावर सीबींची, म्हणजे गडगडाटी वादळी ढगांची, रांग उभी राहिली की ती कुठे सुरू होते, कुठे तुटते, कोणत्या बाजूला सरकते आहे, हे एका नजरेत कळतं. ते चित्र मला शब्दांत मोडावं लागतं. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रांग, सरकण्याची दिशा पूर्वेकडे, दक्षिणेकडून फट दिसते आहे. मी हे टाइप करेपर्यंत ढग बदललेला असतो. वर वैमानिक ती पट्टी फाडून घेतो, मंद दिव्याखाली वाचतो, बिंदूंची नावं नकाशावर शोधतो आणि मी मोडलेलं चित्र मनात पुन्हा जोडतो. दोन माणसांच्या डोक्यांतून गाळून गेलेलं ते चित्र असतं.

नियमाप्रमाणे डिस्पॅचरला अधूनमधून कॉकपिटमधल्या जंपसीटवर, म्हणजे जादा आसनावर, बसून प्रवास करावा लागतो. अशाच एका जूनमधल्या रात्री मी कोलकात्याहून मुंबईला येणाऱ्या विमानात होतो. समोरच्या पडद्यावर विमानाच्या नाकातल्या रडारचं चित्र होतं, हिरवं, पिवळं, मग लाल. लाल डागाच्या पलीकडे स्वच्छ काळं. माझ्या नवशिक्या नजरेला वाटलं, पलीकडे मोकळं आहे. कॅप्टननी रडारचा टिल्ट, म्हणजे कोन, खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, “त्या काळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. तिथे काही नाही असं नव्हे, तिथलं आपल्याला दिसत नाहीये.” त्यांनी कंट्रोलरकडे डावीकडे वळायची परवानगी मागितली. किती वळायचं आणि किती वेळ, हे ते अनुभवावर ठरवत होते. विमानातल्या टॅब्लेटवर हवामानाचा सुंदर रंगीत नकाशा होता, पण तो कोलकात्याला जमिनीवर असताना उतरवून घेतलेला. चाकं उचलली की टॅब्लेटमधलं हवामान तिथेच थांबतं.

कॅप्टन म्हणाले त्यामागे भौतिकशास्त्र आहे. विमानातल्या रडारची तरंगलांबी सुमारे तीन सेंटीमीटर असते. जोरदार पावसात ती लहर शोषली जाते आणि विखुरते, त्यामुळे दाट ढगामागे काय आहे ते परत सांगायला लहर उरतच नाही. 4 एप्रिल 1977 रोजी सदर्न एअरवेजचं 242 क्रमांकाचं डीसी-9 विमान जॉर्जियाच्या आकाशात अशाच फसव्या मोकळ्या जागेतून गेलं. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली. न्यू होप गावाजवळच्या रस्त्यावर विमान उतरवायचा प्रयत्न झाला. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून 72 जण गेले. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. कॅप्टन विमानातल्या रडारवर विसंबले, आणि कंपनीच्या डिस्पॅच व्यवस्थेने मार्गावरच्या तीव्र वादळाची ताजी माहिती त्यांना पोचवली नाही. डिस्पॅचर म्हणून मी हा दुसरा मुद्दा कधी विसरू शकत नाही.

ते प्रवासी विमान होतं आणि काळही जुना होता. 14 ऑगस्ट 2013 ची घटना मात्र मालवाहू विमानाची आहे. यूपीएसचं 1354 क्रमांकाचं एअरबस ए300 पहाटे लुईव्हिलहून बर्मिंगहॅमला, म्हणजे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, येत होतं. तिथली मोठी धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी पाच वाजेपर्यंत बंद होती. विमान पावणेपाचच्या सुमारास पोचलं, म्हणून लहान धावपट्टीवर, कमी सोयीच्या पद्धतीने उतरावं लागणार होतं. ढगांचा तळ कमीजास्त होतो आहे, अशी टीप हवामानाच्या अहवालात शेवटी होती, पण वैमानिकांना मिळालेल्या माहितीत ती टीप आलीच नाही. आपण हजार फुटांवर ढगांबाहेर पडू असं त्यांना वाटत राहिलं. विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर आदळलं, दोघेही वैमानिक गेले. मुख्य दोष अस्थिर अ‍ॅप्रोच चालू ठेवण्याचा आणि उंचीवर लक्ष न ठेवण्याचा होता, थकवाही होता. पण अपुऱ्या हवामान माहितीचा उल्लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणांमध्ये स्पष्ट केला आहे. एका ओळीची टीप होती ती.

आता कॉकपिटमधल्या जोडणीची दुसरी बाजू. 21 ऑक्टोबर 2009 रोजी नॉर्थवेस्टचं 188 क्रमांकाचं विमान सॅन दिएगोहून मिनियापोलिसला निघालं आणि मुक्कामाचं शहर मागे टाकून सुमारे दीडशे मैल पुढे गेलं. तासाहून अधिक वेळ रेडिओला उत्तर नव्हतं. दोघे वैमानिक स्वतःच्या लॅपटॉपवर ड्यूटी लावण्याची नवी पद्धत समजून घेत होते. पुढे अमेरिकेने कॉकपिटमध्ये खाजगी कामासाठी अशी उपकरणं वापरायला बंदी घातली, आणि ती योग्यच आहे. लॅपटॉपवर इतकं होतं, तर हातातल्या फोनवर निरोप, बातम्या आणि सामने आले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. पहाटेच्या कंटाळ्यात थोडं काही वाचलं तर जाग राहते, असं काही वैमानिक म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री दोन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ असते आणि त्यावर उपाय ड्यूटीच्या तक्त्यात शोधायचा असतो. अमेरिकेत जानेवारी 2014 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे कडक नियम लागू झाले तेव्हा मालवाहू विमानांना त्यातून वगळलं गेलं. मागे प्रवासी नाहीत म्हणून पुढच्या दोघांची झोप कमी महत्त्वाची ठरते, याचा मला राग येतो.

चित्र वर गेलं म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या त्याच वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना सावध केलं होतं : कॉकपिटमध्ये दिसणाऱ्या जमिनीवरच्या रडारच्या चित्रावर ते एकच मिनिट जुनं असल्याचं दिसतं, पण त्यातला पाऊस क्वचित पंधरा-वीस मिनिटं जुना असू शकतो. इतक्या वेळात वादळी ढगाची फट बुजते. म्हणून असं चित्र दूरचा वळसा ठरवायला वापरायचं, दोन ढगांमधून वाट काढायला नाही. जवळचे ढग नाकातलं रडार आणि स्वतःचे डोळे पाहतील. हे प्रशिक्षणात पक्कं शिकवावं लागेल.

मग हवं काय? माझ्या मते कॉकपिटला जोडणी हवी, पण ती फक्त कंपनीच्या बंदिस्त टॅब्लेटपुरती. हवामानाची चित्रं, ताजे नोटॅम, डिस्पॅच आणि देखभाल विभागाशी मजकुराची देवाणघेवाण, एवढंच. ब्राउझर नाही, वैयक्तिक निरोप नाहीत. दहा हजार फुटांखाली नवा मजकूर समोर उघडू नये. विमान चालवणाऱ्या संगणकांकडून टॅब्लेटकडे माहिती यावी, उलट दिशेने काही जाऊ नये. आणि एकार्स काढून टाकायचं नाही. अरबी समुद्रावर दूर गेल्यावर व्हीएचएफ संपतं, एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, ‘मुंबई रेडिओ’ या हवाई संपर्क केंद्राचा आवाज खरखरीत बुडतो, तेव्हा एकाहून अधिक वाटा असलेल्या बऱ्या.

अडचण पैशाची आहे. पाठीवर अँटेना बसवायची म्हणजे विमान काही दिवस उभं राहणार, हवेचा रोध वाढणार, इंधन जाणार, दरमहा उपग्रहाचं भाडं. प्रवासी विमानात हा खर्च तिकिटात मिसळता येतो. आमच्याकडे त्याचं बिल दोन माणसांच्या नावावर पडतं आणि मग फाइल मागे राहते. पण मुंबईवर पावसाची सर धडकते आहे हे वीस मिनिटं आधी दिसलं, तर एखादं विमान घिरट्या घालण्याऐवजी वेळेत नागपूरला वळतं. ते वाचलेलं इंधनही हिशेबात धरायला हवं.

विमान कंपन्यांमध्ये खरेदीचे आणि रूपांतराचे करार करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : प्रवासी विमानाचं मालवाहू विमान करताना ते नाहीतरी महिनोन्‌महिने हँगरमध्ये उघडं पडलेलं असतं. अँटेनाची जागा आणि वायरिंग त्याच वेळी करून घ्या.