संकट आलं की ख्रिस्ती माणूस निर्णय कसा घेतो? वायल्डर, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून समजून घ्या

हातकणंगले तालुक्यातलं पेठ वडगाव म्हटलं की बाजारपेठ आठवते आणि सेनापती धनाजी जाधवांची समाधी आठवते. पण या गावाच्या आजूबाजूला आणखी एक इतिहास आहे. एका बाजूला कोडोली, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर आणि रेल्वेनं पुढं गेलं की मिरज. या सगळ्या ठिकाणी दीडएकशे वर्षांच्या काळात ख्रिस्ती मिशनच्या शाळा, चर्च आणि दवाखाने उभे राहिले. मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलला या पट्ट्यातली जुनी माणसं अजूनही ‘मिशन हॉस्पिटल’च म्हणतात.

इथल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेलात, तर ‘साक्ष’ हा शब्द कानावर पडतो. म्हणजे एखादा माणूस उभा राहतो आणि आजारपण, कर्ज, नोकरी किंवा लग्नाच्या अडचणीत देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगतो.

बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की देवावर सगळं सोडून दिलं तर माणूस स्वतः काय ठरवतो? आणि ठरवलेलं चुकलं तर?

चर्चमध्ये नेमकं काय शिकवलं जातं?

ख्रिस्ती शिकवणीत निर्णय घ्यायची साधारण चार साधनं सांगितली जातात. प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन, मंडळीतल्या जाणत्या माणसांचा किंवा पाळकांचा सल्ला आणि स्वतःचा विवेक. काही कुटुंबं मोठ्या निर्णयाआधी उपवास करून प्रार्थना करतात. काही जण घरी प्रार्थनासभा ठेवतात.

पण प्रार्थना केली की संकट टळतंच, असं बायबल म्हणत नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री खुद्द येशूनं हे दुःख टळावं अशी विनवणी केली होती. ते टळलं नाही. ईयोबाच्या गोष्टीत चांगल्या माणसाची मुलंबाळं, संपत्ती आणि तब्येत सगळंच जातं. तो देवाला जाब विचारतो आणि तरीही त्याला निंदक ठरवलं जात नाही.

म्हणजे श्रद्धाळू माणसानं प्रश्न विचारू नयेत, हा समज मुळातच चुकीचा आहे. प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते तीन माणसांच्या आयुष्यातून बघू.

संस्थेनं दार बंद केलं, तरी कोल्हापूरला परत आलेला माणूस

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते. 1852 साली ते कोल्हापूरला आले. पाच वर्षांनी ते अमेरिकेला गेले आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्थेनं कोल्हापूरचं काम बंद करायचं ठरवलं.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एकतर संस्थेचा निर्णय हीच देवाची इच्छा मानायची, नाहीतर आपल्या मनाला जे पटलंय त्यावर ठाम राहायचं. वायल्डर यांनी दुसरा रस्ता धरला. 1861 साली ते पुन्हा कोल्हापूरला आले, ते संस्थेच्या आधाराशिवाय. जवळपास दहा वर्षं त्यांनी हे काम स्वतःच्या जबाबदारीवर चालवलं आणि 1870 मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे सोपवलं. कोल्हापुरातलं वायल्डर मेमोरियल चर्च आज त्यांचंच नाव सांगतं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वायल्डर आणि त्यांची संस्था, दोघंही एकाच देवाला मानत होते. तरी दोघांचे निर्णय वेगळे निघाले. श्रद्धा एक असली म्हणून उत्तर एकच येईल असं नाही.

धर्म बदलला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. दुष्काळाच्या वर्षांत त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं आणि 1882 मध्ये तेही वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत एवढं सगळं घडून गेलं होतं आणि पदरात लहानगी मनोरमा होती.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते जमलं नाही. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. पण तिकडच्या धर्मगुरूंनाही त्या जड गेल्या. येशूचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी पत्रांमधून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढं ते पुण्याला हलवलं. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा आरोप झाला. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी संस्था बंद केली नाही. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

विशेष म्हणजे बाप्तिस्म्यानं आपल्याला धर्म मिळाला, पण मनाचं समाधान त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळालं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

नवऱ्यानं ठरवलं, किंमत बायकोनं मोजली

तिसरी गोष्ट सगळ्यात जवळची वाटेल, कारण ती घरातली आहे.

कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी सोबत नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. सोवळ्यात वाढलेली बाई, पदरात लहान मुलगा आणि त्या काळच्या समाजात नवरा असून नसल्यासारखा. काही वर्षं दोघं वेगळे राहिले.

टिळकांचा निर्णय प्रामाणिक होता यात शंका नाही. पण त्याचा भुर्दंड लक्ष्मीबाईंना बसला, हेही तितकंच खरं. पुढं त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तेव्हाही सोवळं सोडलं नव्हतं. लगेच धर्म बदलला नाही.

आधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला. माणसामाणसांत उच्चनीच देवानं केलं की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मग पुढचं पाऊल टाकलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी, स्वतःच्या हिशेबानं.

हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलाय. त्यात कुठं रडगाणं नाही आणि नवऱ्याची भलामणही नाही. स्वतःची फजितीसुद्धा त्या हसत सांगतात. म्हणून हे पुस्तक धर्माच्या पलीकडे जाऊन मराठी वाचकांचं झालं.

प्रार्थना की दवाखाना?

आजच्या घडीला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोबाइलवर ‘प्रार्थनेनं आजार बरा झाला, गोळ्या बंद केल्या’ असे व्हिडिओ फिरत असतात. अडचणीतलं कुटुंब अशा गोष्टींवर पटकन विश्वास ठेवतं.

त्याचं उत्तर मिरजेतच आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस श्रद्धेपोटीच कॅनडा सोडून 1889 मध्ये इकडे आले. पण त्यांनी 1894 मध्ये मिरजेत उभं केलं ते हॉस्पिटल. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांना विरोध दिसला नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना जरूर करावी, पण डॉक्टरला न विचारता औषध बंद करणं म्हणजे श्रद्धा नव्हे. ते जिवाशी खेळणं आहे. मानसिक आजारालाही हेच लागू होतं.

मग या सगळ्यातून काय घ्यायचं?

वायल्डर, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांना आकाशातून तयार उत्तर मिळालं नव्हतं. निर्णय त्यांनाच घ्यावा लागला. श्रद्धेनं त्यांना निर्णयानंतरची वर्षं निभावून न्यायचं बळ दिलं. पैसा नव्हता, माणसं तुटली, टीका झाली, तरी ते टिकले.

धर्म कुठलाही असो, मोठा निर्णय घेताना यातून तीन प्रश्न स्वतःला विचारता येतात.

पहिला, हे मला खरंच पटलंय की कुणाच्या दबावाखाली करतोय? आपल्या राज्यघटनेचं 25 वं कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको आणि आडकाठीही नको.

दुसरा, मला सल्ला देणारा माणूस प्रश्न विचारू देतो का? पाळक असो वा घरातलं वडीलधारं माणूस, शंका काढली म्हणून जो चिडतो, त्याचा सल्ला जरा जपूनच घ्यावा.

आणि तिसरा, या निर्णयाची किंमत घरातलं दुसरं कोण मोजणार आहे? टिळकांच्या घरात ती लक्ष्मीबाईंनी मोजली. आपल्या घरात ती कोण मोजेल, हे त्या माणसाला समोर बसवून आधीच विचारलेलं बरं.