भिंग सपाट झालं, पण तपासायचं कसं?

मोबाइलच्या पाठीवरून जरा बोट फिरवा. कॅमेऱ्याचा उंचवटा लागला ना? आत एकामागे एक भिंगं बसवलेली असतात, त्यांचा हा पसारा. तो सपाट करायला निघालेल्या तंत्राचं नाव मेटासरफेस. काचेवर अतिसूक्ष्म खांबांचं रान उभं करायचं आणि प्रकाश हवा तसा वळवायचा. हार्वर्डमधल्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने २०१६मध्ये असं भिंग दृश्य प्रकाशासाठी करून दाखवलं. त्यातले खांब ६०० नॅनोमीटर उंच होते. तुमचा केससुद्धा याच्या शंभरपट जाड भरेल!

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक खांबाचं काम एकच : प्रकाशलहरीला ठरल्या मापाने रेंगाळायला लावणं. या मागेपुढे होण्याला म्हणतात फेज. मधल्या लहरी जास्त रेंगाळल्या, कडेच्या कमी, तर सगळ्या एका बिंदूवर एका तालात पोहोचतात. बनवताना एका पट्ट्यातले खांब जरासे बारीक झाले, की तिथला ताल चुकला. ते ओळखणार कसं? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये खांबांचा आकार लख्ख दिसतो. प्रकाशाचं काय झालं, ते नाही. फोकस तपासला तर ठिपका पसरट आला एवढंच कळतं, चूक कुठे याचा पत्ता नाही. आणि साध्या कॅमेऱ्याला फेज दिसतच नाही. दृश्य प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा हेलकावते, कॅमेरा मोजतो तो नुसता उजेड.

इथे होलोग्राफिक मायक्रोस्कोप कामाला येतो. प्रकाशाचे दोन भाग करायचे. एक मेटासरफेसमधून जातो, दुसरा मोकळ्या वाटेने. कॅमेऱ्यावर दोघांची गाठ पडली की काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात. फेज जिथे बदलली, तिथे रेघ सरकते. बाकी हिशेब कॉम्प्युटरचा. तो जागोजागच्या फेजचा नकाशाच काढून देतो. कल्पना डेनिस गाबोर यांची, १९४८ची, म्हणजे लेसरच्याही आधीची. त्यांना १९७१मध्ये नोबेल मिळालं.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमध्ये (हो, मेंडेलच्या वाटाण्यांचंच गाव!) संशोधकांनी २०१७मध्ये अशाच मायक्रोस्कोपखाली मेटासरफेसची फेज मोजली. त्यांच्या यंत्राला लेसर लागत नाही, दिव्याचा प्रकाश चालतो. लेसरने चित्रात येणारी रवाळ खरखर त्यामुळे टळते. अडचणी आहेतच. ३६० अंशांनंतर फेज पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे नकाशात खोटे कडे दिसतात आणि ते उलगडत बसावे लागतात. शिवाय खांब इतके दाटीने असतात, की बऱ्याचदा शेजाऱ्यांची मिळून सरासरीच हाती लागते.

तरी हे काम टाळून चालणार नाही. फोनमधल्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरसाठी मेटासरफेस कारखान्यात तयारही व्हायला लागलेत, आणि तिथे लाखोंनी माल निघतो. बीएस्सीला मायकेल्सन इंटरफेरोमीटरचं प्रॅक्टिकल करताना टेबलाला कोपर लागलं की रेघा थरथरतात, आठवतंय? सर ओरडतात ते त्याचसाठी. लहरीच्या अंशाएवढा फरकसुद्धा त्या रेघा लपवत नाहीत.